वयस्कर घोड्याचे जठरव्रण : पुन्हा पुन्हा उलटणारे दुखणे

माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर मोटारगाड्या थांबतात आणि तेथून पुढच्या तांबड्या मातीच्या वाटेवर घोड्यांचे राज्य सुरू होते. कामानिमित्त तेथे गेलो असता एका अश्वपालकाच्या घोडीने प्रस्तुत लेखकाचे लक्ष वेधून घेतले. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून तिचे नाव टिकली. वय एकोणीस वर्षे. तोबऱ्यातील चंदी दोन घास खाऊन तिने तोंड फिरविले होते, मात्र शेजारी पडलेली गवताची पेंढी ती हळूहळू चघळत होती. मधूनच ती मोठी जांभई देई. खोगीर चढवून तंग आवळताना तिने कान मागे टाकले आणि मालकाच्या दंडाला चावण्यासाठी मान वळविली. जमलेल्या मंडळींनी एकमुखाने निर्णय दिला : घोडी म्हातारपणी तऱ्हेवाईक झाली आहे.

मालकाला तो निर्णय मान्य नव्हता. “साहेब, ही तऱ्हा नव्हे. हिचे पोट दुखते. मागल्या साली डॉक्टरांनी औषध दिले, बरी झाली. दिवाळीनंतर पुन्हा तेच. औषध दिले, पुन्हा बरी. आता तिसरी खेप आहे,” तो म्हणाला. आपल्याकडील जुन्या कोड्यात घोडा अडतो तो न फिरविल्यामुळे. येथे मात्र घोडी अडत होती ती जठरातील व्रणांमुळे, आणि व्रण बरे होऊनही परत का येतात हा त्या मालकाचा प्रश्न होता. एका घोडीवर ज्या घरची चूल अवलंबून असते तेथे हा प्रश्न केवळ पशुवैद्यकाचा राहत नाही.

घोड्याचे जठर कसे चालते

गाय-बैलांच्या सहवासात वाढलेल्या आपल्या ग्रामीण माणसाला घोड्याचे पोट थोडे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. बैलाच्या पहिल्या पोटात शंभर लिटरहून अधिक चारा मावतो, आणि तो सावकाश बसून रवंथ करतो. घोडा रवंथ करीत नाही. एवढ्या मोठ्या देहाच्या मानाने त्याचे जठर फारच लहान, म्हणजे सुमारे 8 ते 15 लिटर सामावणारे असते. निसर्गात तो दिवसाचे 16 ते 18 तास थोडे थोडे चरत असतो, आणि त्याच्या जठराची रचना अशा सततच्या चरण्यासाठीच झालेली आहे.

माणसाच्या जठरातील आम्लाचा स्राव जेवणाच्या वेळी वाढतो आणि एरवी मंदावतो. घोड्याचे जठर मात्र पोटात अन्न असो वा नसो, अहोरात्र आम्ल तयार करीत राहते. या आम्लाला आवर घालणारी मुख्य वस्तू म्हणजे लाळ. तिच्यात आम्ल शमविणारे क्षार असतात. परंतु घोड्याला लाळ सुटते ती केवळ चघळताना. नुसत्या चंदीच्या वासाने त्याच्या तोंडाला पाणी सुटत नाही. गवत चघळण्यास वेळ लागतो, म्हणून लाळ भरपूर येते. धान्य चटकन खाऊन संपते, म्हणून लाळ थोडी येते. गवताचा आणखी एक उपयोग असा की, त्याचा जाड थर जठरातील द्रवावर तरंगत राहतो आणि आम्लाचे हिंदकळणे रोखतो.

जठराच्या आतील बाजूचे दोन भाग असतात. वरचा सुमारे एक तृतीयांश भाग अन्ननलिकेसारख्या साध्या त्वचेचा असून आम्लापासून स्वतःचे रक्षण करण्याचे साधन त्याच्यापाशी जवळजवळ नसते. खालचा भाग ग्रंथींचा. आम्ल तेथेच तयार होते, पण त्या भागावर श्लेष्म्याचे जाड आवरण असते, त्याचा रक्तपुरवठाही चांगला असतो. वरच्या भागात व्रण होतात ते बहुधा खालचे आम्ल वर उसळल्यामुळे. खालच्या भागात व्रण होतात ते त्याचे संरक्षक आवरण दुबळे झाल्यामुळे. ही दोन दुखणी निराळी मानावीत, दोहोंना एकच नाव देऊन एकच उपचार करू नये, असे युरोपातील अश्ववैद्यक तज्ज्ञांनी 2015 साली एकत्रितपणे सांगितले. वरवर पाहता ही पंडिती वाटावी. प्रत्यक्षात, दुखणे का उलटते याचे निम्मे उत्तर या फरकातच आहे.

घोडा दुडक्या चालीने किंवा भरधाव धावू लागला की पोटातील दाब वाढतो, जठर आवळले जाते आणि आम्ल वरच्या उघड्या भागावर चढते. म्हणूनच शर्यतीच्या तालमीतील घोड्यांत हे व्रण इतके सर्रास आढळतात की निरोगी जठराचा घोडा हाच तेथे अपवाद ठरावा. ओझ्याच्या, स्वारीच्या वा लग्नाच्या वरातीतील घोड्याला शर्यत धावावी लागत नाही. पण सकाळी चंदी, मग दिवसभर रिकाम्या पोटी उभे राहणे व चालणे, आणि रात्री पुन्हा चंदी हा क्रम त्याचेही तेवढेच नुकसान करतो. सहा तासांहून अधिक काळ वैरणीविना गेला की धोका वाढतो, हे आता पुरते सिद्ध झाले आहे.

येथे एका समजुतीचा उल्लेख करणे भाग आहे. कामाला जुंपण्यापूर्वी घोड्याला खायला देऊ नये, असे जुने मोतद्दार सांगतात. धान्याच्या बाबतीत त्यांचे म्हणणे खरे आहे. भरपेट चंदी देऊन लगेच घोडा पळविणे केव्हाही अयोग्यच. परंतु तोच नियम गवताला लावणे चुकीचे होय. कामापूर्वी अर्धा तास एक-दोन मुठी चिरलेली वैरण, शक्य तर लसूणघास, दिली तर जठरात तो तरंगता थर तयार होतो आणि आम्ल जागच्या जागी राहते. लसूणघासातील कॅल्शियम व प्रथिने आम्ल शमविण्यास साहाय्य करतात.

म्हातारपण आणि तीन कारणे

टिकलीसारख्या पंधरा-वीस वर्षांच्या जनावरात दुखणे पुन्हा उद्भवते, तेव्हा तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली गोष्ट दातांची. घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून थोडे थोडे वर येत असतात आणि चघळण्याने झिजत असतात. वयोमानाने ही झीज असमान होते, दाढांना धारदार कडा येतात, गाल व जीभ सोलवटतात. पुढे काही दात ढिले होतात वा गळून पडतात. असे जनावर नीट चघळू शकत नाही. अर्धवट चावलेल्या गवताचे बोळे दावणीत पडलेले दिसले की समजावे, दाढा कामातून जात आहेत. चघळणे कमी म्हणजे लाळ कमी, आणि लाळ कमी म्हणजे आम्ल मोकाट. जठरावर महागडे औषध चालू आहे पण तोंड उघडून कोणी पाहिलेच नाही, असे पुष्कळदा घडते. वृद्ध घोड्याचे दात वर्षातून निदान एकदा, शक्य तर दोनदा, पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावेत आणि धारदार कडा कानशीने घासून घ्याव्यात.

दुसरी गोष्ट सांध्यांची, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते हीच सर्वांत दुर्लक्षित. उतारचढावावर आयुष्य गेलेल्या घोड्याचे सांधे म्हातारपणी दुखतात. तो लंगडू लागला की वेदनाशामक औषध दिले जाते. फिनाइलब्युटाझोन व फ्लुनिक्सिन ही औषधे वेदना व सूज उतरविण्यास गुणकारी आहेत यात शंका नाही. परंतु जठराचे संरक्षक आवरण ज्या द्रव्यांमुळे टिकून राहते त्यांच्या निर्मितीलाच ती अटकाव करतात. मात्रा जास्त झाली किंवा दिवस लांबले की जठराच्या ग्रंथीमय भागात व मोठ्या आतड्यातही व्रण होऊ शकतात. टिकलीच्या मालकाला खोदून विचारले तेव्हा कळले की, लंगडणाऱ्या मागच्या पायासाठी तो दर मोसमात एका ओळखीच्या माणसाकडून पुड्या आणून देत असे आणि घोडी चालू लागली तरी सवयीने त्या चालूच ठेवीत असे. पोटाच्या डॉक्टरांना पायाचे औषध सांगावे, हे त्याला सुचले नव्हते. यात त्याचा दोष तरी किती? त्याला तसे कोणी विचारलेही नव्हते.

वेदनाशामक औषधासोबत आम्ल कमी करणारे औषध दिले म्हणजे झाले, असेही समजू नये. फिनाइलब्युटाझोन आणि ओमेप्राझोल एकत्र दिल्याने जठर वाचते, परंतु आतड्याच्या तक्रारी वाढू शकतात, असे अलीकडच्या अभ्यासात दिसून आले आहे. म्हणून मात्रा कमीत कमी, दिवस मोजके, आणि दोन्ही औषधे एकाच पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली, हाच सुरक्षित मार्ग होय. नालबंदी वेळेवर करणे, ओझे हलके करणे, उतारावर स्वार उतरवून घोडा हाती धरून नेणे या उपायांनीही पायाच्या वेदना कमी होतात व गोळीची गरज घटते.

तिसरी गोष्ट मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या विकाराची. पंधरा वर्षांपलीकडच्या घोड्यांत तो बराच आढळतो. अंगावर लांब, कुरळे केस येतात व उन्हाळ्यातही ते झडत नाहीत, पाठीचे मांस उतरते, खुरांना वारंवार सूज येते. असे जनावर कोणत्याही आजारातून सावकाश बरे होते. त्यावर दिल्या जाणाऱ्या परगोलाइड या औषधाने काही घोड्यांची भूक मंदावते आणि मग व्रण उलटले की औषधाचा परिणाम झाला हे ओळखणे कठीण जाते. तेव्हा लक्षणे दिसताच रक्ततपासणी करून घेणे इष्ट.

निदान व औषधोपचार

चंदी टाकणे व गवत मात्र खाणे, वजन उतरणे, केसांची चमक जाणे, तंग आवळताना चिडणे, खाल्ल्यानंतर पोटाकडे मान वळवून पाहणे, वारंवार जांभया देणे ही व्रणांची नेहमीची लक्षणे होत. परंतु यांतील एकही लक्षण खात्रीचे नाही. जंत, यकृताचे विकार, दातदुखी यांतही तेच दिसते. आणि लक्षणांच्या तीव्रतेवरून व्रण किती मोठे आहेत हेही सांगता येत नाही. खात्रीचे निदान एकाच मार्गाने होते : सुमारे तीन मीटर लांबीचा एंडोस्कोप नाकातून जठरात सोडून आत प्रत्यक्ष पाहणे. त्यासाठी घोड्याला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवावे लागते. मुंबई-पुण्यासारख्या, शर्यतींच्या घोड्यांचा वावर असलेल्या शहरांत ही सोय मिळू शकते. तालुक्याच्या दवाखान्यात ती बहुधा नसते. अशा वेळी पशुवैद्यक अनुमानाने उपचार सुरू करतात व दोन-तीन आठवड्यांत फरक पडतो का हे पाहतात. ही पद्धत व्यवहार्य आहे. मात्र दुखणे दुसऱ्यांदा वा तिसऱ्यांदा उलटले असेल तर अनुमानावर विसंबून न राहता एकदा तरी जठराची पाहणी करून घ्यावी.

औषधांत ओमेप्राझोल हे प्रमुख. दर किलो वजनास 4 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, सुमारे 28 दिवस, ही त्याची प्रचलित मात्रा. तीनशे किलो वजनाच्या तट्टाला म्हणजे दररोज 1,200 मिलिग्रॅम. माणसाची नेहमीची कॅप्सूल 20 मिलिग्रॅमची असते; त्या हिशेबाने रोज साठ कॅप्सूल लागतील! घरातील दोन कॅप्सूल भाकरीत घालून घोड्याला चारणाऱ्यांना गुण का येत नाही, हे या हिशेबावरून ध्यानात यावे. शिवाय हे औषध आम्लात नष्ट होते, म्हणून त्याच्या दाण्यांवर आवरण असते. ते कुटून दिले तर परिश्रम व पैसा दोन्ही वाया जातात. घोड्यांसाठी तयार केलेले औषध सकाळी रिकाम्या पोटी द्यावे आणि अर्ध्या-पाऊण तासानंतर वैरण घालावी.

वरच्या भागातील व्रण या उपचाराने बहुतेक घोड्यांत तीन-चार आठवड्यांत भरून येतात. खालच्या ग्रंथीमय भागातील व्रणांवर मात्र एकटे ओमेप्राझोल पुष्कळदा अपुरे पडते. तेथे सुक्राल्फेटची जोड देतात. हे औषध व्रणावर लेपासारखे चिकटून बसते. काही वेळा मिसोप्रोस्टॉल वापरतात. ते हाताळताना गरोदर स्त्रियांनी अत्यंत सावध राहिले पाहिजे, नव्हे, त्यांनी त्याला हातच लावू नये, कारण त्याने गर्भपात होऊ शकतो. तबेल्याचे काम घरातील स्त्रियाच पाहतात अशा ठिकाणी ही सूचना औषधाच्या पाकिटाबरोबरच पोहोचली पाहिजे.

औषध एकाएकी थांबविले की काही दिवस जठर पूर्वीपेक्षा अधिक आम्ल सोडते. “बरी झाली” म्हणून बाविसाव्या दिवशी औषध बंद करावे, तेविसाव्या दिवशी घोडी कामावर काढावी आणि पंधरवड्यात पुन्हा जांभया सुरू व्हाव्यात, असा क्रम त्यामुळेच दिसतो. मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करणे आणि ताणाच्या काळात, म्हणजे लांबचा प्रवास, जत्रा वा हंगामाची गर्दी यांच्या आगेमागे, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दर किलोस 1 मिलिग्रॅमची प्रतिबंधक मात्रा देणे हे उपाय उपयुक्त ठरतात.

जंतुनाशक औषधांविषयी दोन शब्द. माणसाच्या जठरव्रणांमागे बहुधा एक जंतू असतो हे दाखवून दिल्याबद्दल बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांना 2005 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण माणसाचा तो न्याय घोड्याला लागू होत असल्याचे सिद्ध झालेले नाही. स्वतःच्या मनाने दिलेल्या जंतुनाशकांनी घोड्याच्या मोठ्या आतड्यातील उपयुक्त जंतू मरतात आणि जिवावर बेतणारी हगवण लागू शकते. तसेच नळकांड्याने तेल वा काढा बळेच घशात ओतू नये. घोड्याला उलटी करता येत नाही, आणि ओतलेला द्रव फुप्फुसात उतरला तर जनावर दगावते. घोडा लोळू लागला, घामाघूम झाला, लीद टाकेनासा झाला, तर तो पोटशूळ समजून तत्काळ पशुवैद्यकास बोलवावे; अशा वेळी व्रणांचे औषध देऊन वाट पाहत बसू नये.

दावणीतील बदल

औषधाने व्रण भरतो. तो पुन्हा होऊ नये याची व्यवस्था दावणीतच करावी लागते. घोड्याच्या वजनाच्या निदान दीड टक्का कोरडी वैरण त्याला रोज मिळाली पाहिजे. तीनशे किलोच्या जनावरास साडेचार किलो वाळले गवत. हिरवे असेल तर त्यातील पाण्याचा अंश लक्षात घेऊन वजन सुमारे चौपट धरावे. हे गवत दोन वेळा न घालता चार-पाच वेळा विभागून घालावे, आणि सर्वांत मोठा वाटा रात्रीचा असावा. केवळ गव्हाच्या भुश्यावर घोडा ठेवणे टाळावे. नुसत्या काडाच्या वैरणीने व्रणांचा धोका वाढतो. जाड धाटांचा कडबा तर म्हाताऱ्या दातांना झेपतही नाही. अशा जनावराला कोवळे गवत, बारीक चिरलेला लसूणघास, पाण्यात भिजवून मऊ केलेली वैरण द्यावी.

चंदी बंद करावी काय? काम करणाऱ्या घोड्याची चंदी एकदम तोडणे योग्य नाही. तिचे वाटे मात्र लहान करावेत. तीनशे किलोच्या तट्टाला सातू एका वेळी अर्ध्या किलोहून अधिक नको, मका त्याहूनही कमी, आणि दोन चंद्यांत सहा तासांचे अंतर हवे. आधी गवत, मग चंदी, हा क्रम पाळावा. वजन भरून काढण्यासाठी धान्य वाढविण्याऐवजी थोडे खाद्यतेल हळूहळू सवय लावून चंदीत मिसळता येते. स्वच्छ पाणी सदैव जवळ असावे. व्रण असलेल्या घोड्यास आठवड्यातून दोन दिवस कामापासून सुटी मिळावी आणि शक्यतो एकाच ओळखीच्या माणसाने त्याला हाताळावे.

हे सारे एकट्या मालकाच्या हाती नसते, आणि म्हणूनच स्थानिक संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी यात लक्ष घालावयास हवे. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसंबंधीच्या 1965 च्या केंद्रीय नियमांनुसार कोणत्याही जनावराकडून दिवसात नऊ तासांहून अधिक, आणि विश्रांतीविना सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. तापमान 37 अंशांवर गेले असता दुपारी बारा ते तीन या वेळात तर मुळीच नाही. सहा तासांच्या मर्यादेशी हे पाच तास किती नेमके जुळतात! परंतु विश्रांतीच्या जागी गवत व पाणी नसेल तर घोडा विसावतो, त्याचे जठर मात्र विसावत नाही. नाक्यावर वा तळावर सावलीचे छप्पर, पाण्याचा हौद आणि जमिनीपासून थोडी वर बांधलेली गव्हाण एवढ्याच गोष्टींचा हा प्रश्न आहे. तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेत दूरदूरहून घोडे येतात. लांबचा प्रवास, परका गोठा, परका माणूस आणि अनियमित वैरण यांनी जुने व्रण जागे होतात. यात्रेच्या नियोजनात जनावरांच्या वैरणीची व्यवस्था कोणत्या वेळी व किती, याचा विचार पिण्याच्या पाण्याइतकाच काटेकोर असावा. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकासाठी 1962 हा निःशुल्क क्रमांक अशा ठिकाणी ठळकपणे लावून ठेवता येईल.

टिकलीच्या मालकाने पुड्या बंद केल्या आहेत. तिच्या दाढा घासून झाल्या, आणि पायासाठी आता पशुवैद्यक जेवढ्यास तेवढे औषध देतात. दोन मोठ्या चंद्यांच्या जागी चार लहान चंद्या आल्या, आणि खोगिराला बांधलेल्या जाळीच्या पिशवीत गवत आले. प्रवासी छायाचित्रे काढीत असतात तेवढ्या वेळात ती चार घास चघळून घेते. अवजड गिऱ्हाईक तो आता धाकट्या घोड्याकडे पाठवितो. त्याने रोजचे उत्पन्न थोडे घटले हे खरेच. पावसाळ्यानंतर मुंबईला नेऊन जठराची पाहणी करून घ्यावी असा त्याचा विचार आहे, खर्चाची जुळवाजुळव चालू आहे. निघताना त्याने तंग आवळला तेव्हा घोडीने कान किंचित मागे टाकले, पण मान वळविली नाही.